पोलिसांच्या विभागीय चौकशीत या चुका टाळा
नवा चौकशी अधिकारी आला की प्रश्न ठरलेला: "सर, प्राथमिक चौकशीत जबाब झालेत की. साक्षीदार पुन्हा कशाला बोलवायचे?"

कारण ते जबाब अपचाऱ्याच्या, म्हणजे ज्याची चौकशी चालू आहे त्या कर्मचाऱ्याच्या, पाठीमागे घेतलेले असतात. बडतर्फीसारख्या शिक्षेआधी संविधानाचं कलम 311 बचावाची वाजवी संधी मागतं. उलटतपासणी न करू देता ती मिळाली असं कसं म्हणणार?

एका हवालदारानं तक्रार द्यायला आलेल्या बाईंना ठाण्यातच मारलं होतं. "त्यांना परत त्रास नको" म्हणत चौकशी अधिकाऱ्यानं त्यांचा जुना जबाब तसाच फाइलला लावला आणि एका दिवसात काम उरकलं. न्यायाधिकरणात बडतर्फी रद्द झाली, हवालदार थकीत पगारासह हजर झाला. बाईंना सांगायला मी गेलो. त्यांनी घडी घालून ठेवलेली जबाबाची प्रत काढली आणि विचारलं, "साहेब, हे खोटं ठरलं का?" खोटं ठरलं नव्हतं. ते शाबीत करायची तसदीच कुणी घेतली नव्हती. तेव्हापासून मी तक्रारदाराला पहिल्याच तारखेला बोलावतो, दिवसाला दोनच साक्षीदार घेतो आणि रोजनामा, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद, त्याच संध्याकाळी सह्यांसह पुरा करतो. घाई असलेल्यांनी हे काम मागून घेऊ नये.

दुसरी चीड आणणारी चूक म्हणजे जुन्या फाइलीतून उचललेलं दोषारोपपत्र. एकात मागच्या अपचाऱ्याचा बक्कल नंबर तसाच राहिला होता! "बेशिस्त व बेजबाबदार वर्तन" एवढ्यावर कुणी काय बचाव करणार? तारीख, वेळ, जागा आणि नेमकं कृत्य लिहा.

ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण किमान वर्षभर ठेवायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं. म्हणून निवांत राहू नका. तक्रार आली त्याच दिवशी ते लेखी मागवा, स्टेशन डायरीच्या प्रतीसह.

चौकशी अधिकाऱ्यानं सरकारी बाजू मांडायला लागू नये. त्यासाठी सादरकर्ता अधिकारी असतो.

चौकशी अहवालाची प्रत शिक्षेच्या निर्णयाआधी अपचाऱ्याला द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या निकालापासून यावर वाद उरलेला नाही, तरी विसरतात.

"कोर्टात केस चालू आहे" म्हणून चौकशी आपोआप थांबत नाही. दोन्हींतला पुराव्याचा निकष वेगळा असतो.

निलंबन केलं आणि फाइल कपाटात, हेही नको. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालानुसार तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावलं नाही, तर निलंबन पुढे रेटता येत नाही. मी निलंबनाचा आदेश निघाला त्याच दिवशी दोषारोपांचा मसुदा लिहायला घेतो.