नवी हॉपी बिअर चाखण्याआधी

शनिवारी संध्याकाळी नवी आयपीए (इंडिया पेल एल, म्हणजे हॉप्स या वेलीची कडू-सुगंधी फुलं भरपूर घातलेली बिअर) उघडायची असेल तर तयारी गुरुवारपासूनच लागते, आणि पहिलं काम म्हणजे कॅन उलटा करून पॅकिंगची तारीख वाचणं. महिन्याच्या आतली असेल तर उत्तम. दोन महिन्यांपर्यंत चालवून घेते, त्यापुढची मी चाखणीला ठेवत नाही. कोथिंबिरीची जुडी आपण हुंगून, पानं बघून घेतो ना, तितकंच चोखंदळ इथे व्हायला हवं.

ताजेपणाचा एवढा आग्रह का, तर त्यामागे एक गंमतशीर उलटापालट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून पिंपं भरून पेल एल निघायची आणि आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरायची. हॉप्समधली कडू आम्लं बिअर नासवणाऱ्या जिवाणूंना रोखतात, म्हणून भरपूर हॉप्स घातलेली बिअर एवढा प्रवास सोसायची. म्हणजे हॉप्स बिअर टिकवतात, पण हॉप्सचा स्वतःचा वास मात्र टिकत नाही. आजची आयपीए त्या वासासाठीच बनते. कडवटपणा येतो तो हॉप्स उकळल्यावर, पण त्या उकळीत सुगंधी तेलं उडून जातात. म्हणून ब्रूअर बिअर आंबून झाल्यावर तीत पुन्हा हॉप्स सोडतात. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. उष्णता आणि ऑक्सिजन हे त्या तेलांचे शत्रू. जुनी झालेली आयपीए प्यायलात तर आंब्या-संत्र्याच्या जागी ओल्या पुठ्ठ्याची चव लागेल.

तेव्हा दुकानात फ्रिजमधलाच कॅन मागा, उन्हाळा असेल तर बर्फाच्या पिशवीतून घरी आणा आणि थेट फ्रिजमध्ये उभा ठेवा. बाटली घेत असाल तर तपकिरी काचेची. एका दुकानातून मी कौतुकाने हिरवी बाटली आणली होती, कित्येक दिवस दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली. उघडल्याबरोबर जळक्या रबरासारखा उग्र भपकारा आला. प्रकाशाने हॉप्समधली कडू द्रव्यं तुटली की असंच होतं, आणि हिरवी काच तो प्रकाश अडवत नाही. त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, कारण बनवणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती.

मद्य पिण्याचा परवाना काढलेला असू दे, आणि बोलावलेली मंडळी एकवीस वर्षांपुढची असू देत. घरी कोण कसं जाणार हेही आधीच ठरवा. गाडी आणणाऱ्याला नुसतं हुंगायला बसवू नका, रिक्षाने या म्हणून सांगा.

आता ग्लास. इथे सगळ्यात जास्त हयगय होते. भांड्यांच्या साबणाचा अंश किंवा तुपाचा हात राहिला तर फेस बसतो, आणि वास वर आणून देतो तो फेसच. सकाळीच ग्लास धुवा, भरपूर पाण्याने खळखळून विसळा आणि फडक्याने न पुसता रॅकवर पालथे घाला. तपासायचं असेल तर ग्लास आतून ओला करा. पाणी एकसंध पसरलं तर स्वच्छ, थेंबाथेंबांत फुटलं तर पुन्हा धुवा. ट्यूलिपच्या आकाराचा नसेल तर वाइनचा ग्लास छान चालतो. फ्रीझरमध्ये गोठवलेला मग मात्र नको. एवढ्या गारठ्यात वास मिटून जातो.

यादीतलं माझं सगळ्यात आवडतं काम स्वयंपाकघरातलं आहे. चार वाट्या काढा. एकीत थोडे धणे खलबत्त्यात जरासे चेचून, दुसरीत मिरी भरडून, तिसरीत संत्र्याची ताजी साल, चौथीत पिकलेल्या पेरूची फोड. लिनालूल नावाचं जे द्रव्य धण्यांना त्यांचा वास देतं तेच हॉप्समध्ये असतं. मिरीतलं कॅरिओफिलीनही हॉप्समध्ये सापडतं. काही हॉप्सना पेरूचा वास येतो त्यामागचं गंधकयुक्त द्रव्यही पेरूत असतंच. पाहुणे आले की वाट्या फिरवा, प्रत्येकाने डोळे मिटून हुंगावं, मग वाट्या आत नेऊन झाकून ठेवा. नाहीतर बिअर हुंगताना समोरचा पेरूच नाकात शिरेल. लेबलवरचे परदेशी फळांचे शब्द पाठ करण्यापेक्षा आपल्या डब्यातला वास ओळखीचा असणं मला फार मोलाचं वाटतं. एकदा एका मैत्रिणीने पहिल्याच हुंगण्यात ‘अगं, धणे!’ म्हटलं आणि मग ती तासभर ग्लासातून नाक काढेना.

त्या संध्याकाळी देवापुढची उदबत्ती लवकर लावून घ्या, फोडणीही दोन तास आधी आटपा. अत्तर, गजरा दुसऱ्या दिवशी. चखणा म्हणून तिखट शेव किंवा शेजवान काही ठेवू नका, तिखटाने कडवटपणा दुप्पट बोचतो. बिनमिठाचे कुरमुरे किंवा साधा पाव, आणि साधं पाणी. खायचं ते नंतर पोटभर खा.

टॅपरूममध्ये जाणार असाल तर अर्धं काम वाचतं. पुण्यात २००९ साली डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून टाकीतून थेट ग्लासात येणारी बिअर आपल्याकडे मिळू लागली. तिथे एवढंच विचारा की ही टाकी कधी लावली, आणि आधी छोटा ग्लास मागा.

घरी असाल तर पंधरा मिनिटं आधी कॅन बाहेर काढा. सात ते दहा अंशांवर हॉप्स मोकळे होतात. मे महिन्यात पाच-सात मिनिटं पुरे. आधी एखादी साधी लागर, म्हणजे नेहमीची हलकी बिअर, मग ही. पाचशे मिलीचा कॅन चौघांत पुरतो. ग्लास तिरपा धरून ओता, शेवटी सरळ करा, दोन बोटं फेस येऊ द्या. घोट घेण्याआधी हुंगा आणि जे आठवेल ते वहीत लिहा, एकमेकांशी बोलण्याआधी. कुणी एकदा ‘आंबा’ म्हणालं की सगळ्यांना आंबाच येतो. घोट गिळल्यावर नाकाने श्वास सोडा, कडवटपणा जिभेवर किती वेळ राहतो ते मोजा.

तळाशी दोन घोट मुद्दाम ठेवा. वीस मिनिटांनी ते कोमट व्हायला लागले की पुन्हा हुंगा, आणि पहिल्या नोंदीखाली वेळ टाकून दुसरी ओळ लिहा.