पीयूसीच्या कागदावर जाऊ नका: जुनी डिझेल गाडी घेताना धुराची यंत्रणा शाबूत आहे का, हे कसं बघायचं

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याकडचे एक शिक्षक २०२१ ची डिझेल एसयूव्ही माझ्याकडे तपासायला घेऊन आले. सौदा जवळपास ठरलेला. पीयूसी ताजी, सर्व्हिसच्या नोंदी व्यवस्थित, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. मी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि ते काजळीने काळंकुट्ट होऊन बाहेर आलं. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या डिझेलमध्ये असं होताच कामा नये. गाडी लिफ्टवर घेतली, तर डीपीएफच्या, म्हणजे काजळी अडवणाऱ्या जाळीच्या, डब्याला पोटाशी वेल्डिंगची जाड, वेडीवाकडी रेघ. कारखान्याची वेल्डिंग अशी नसते. डबा कापून, आतली जाळी फोडून काढून तो परत शिवला होता.

मी भोसरीत अठरा वर्षं गाड्या तपासतोय. अशा गाड्या आता वारंवार दिसतात आणि घेणाऱ्याला कोणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी पीयूसीचं समजून घ्या. डिझेलच्या पीयूसीत गाडी जागेवर उभी ठेवून रेस देतात आणि धूर किती दाट आहे ते मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडं, म्हणजे आम्ही ज्याला नॉक्स म्हणतो ती, त्यात मोजलीच जात नाहीत. नॉक्स डोळ्यांना दिसत नाही. त्यातून ईजीआर (जळालेला धूर थोडा परत इंजिनात सोडून नॉक्स कमी करणारा व्हॉल्व्ह) बंद केला की काजळी उलट कमी होते आणि नॉक्स वाढतं. म्हणजे छेडछाड केलेली गाडी पीयूसीला चांगल्या गाडीपेक्षाही स्वच्छ दिसू शकते! पीयूसी काढून ठेवा, कायद्याने लागतेच, पण तिच्यावर सौदा करू नका.

चाचणी जिथे बघत नाही तिथे फसवायचं, हीच युक्ती मोठ्या कंपनीनेही केली होती. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी गाडीच्या मागे मोजणीयंत्र बांधून प्रत्यक्ष रस्त्यावर गाड्या चालवल्या. २०१४ मध्ये त्यांचा अहवाल आला, त्यात फोक्सवॅगन जेट्टाचं नॉक्स मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघालं. १८ सप्टेंबर २०१५ ला तिथल्या पर्यावरण खात्याने कंपनीला नोटीस दिली, तेव्हा प्रकरण जगासमोर आलं. स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, यावरून गाडीचं सॉफ्टवेअर ओळखायचं की आपली चाचणी चालू आहे, आणि तेवढ्यापुरतं धुराचं नियंत्रण पूर्ण लावायचं. रस्त्यावर आलं की ढील. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या.

आपल्याकडेही ते इंजिन आलं होतं. पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने रस्त्यावर तपासणी केली, तर नॉक्स बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरलं. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. इथले नियम मोडल्याचं मात्र तिने मान्य केलं नाही. मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, त्याला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्या काळातली गाडी घेत असाल, तर ते अपडेट झालंय का हे चॅसी नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारा.

आता तपासणी. गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला सांगून ठेवा की इंजिन गार हवं. गरम करून ठेवलेलं इंजिन पुष्कळ काही लपवतं.

सुरुवात सायलेन्सरपासून. गार असतानाच पांढरं फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवा. एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ डिझेलला डीपीएफ असतो. ती सिरॅमिकची बारीक जाळी काजळी अडवते, त्यामुळे फडकं जवळपास स्वच्छ यायला हवं. काळं आलं तर जाळी फुटली आहे किंवा काढली आहे. बीएस-४ गाड्यांपैकी बऱ्याच जणींना डीपीएफ नव्हताच, तिथे काजळी दिसली म्हणून घाबरू नका.

मग खाली वाका. डीपीएफच्या डब्यातून दोन बारीक नळ्या एका सेन्सरकडे जातात. जाळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब त्या मोजतात. नळ्या जागेवर आहेत का, डब्यावर नवी वेल्डिंग किंवा ताजा चंदेरी रंग आहे का, ते टॉर्च लावून बघा.

ईजीआरला मात्र थोडा वेळ द्या, कारण खरी लबाडी इथे असते. ईजीआर जळालेला धूर थोडा परत इंजिनात सोडतो, त्याने जळणाचं तापमान उतरतं आणि नॉक्स कमी होतं. धुराने व्हॉल्व्ह चोंदतो, पिकअप जातं, मग गॅरेजवाला गास्केटच्या जागी पत्र्याची एक चकती बसवून वाटच बंद करतो. शंभर-दोनशे रुपयांचं काम. कधी चकतीची कड जोडातून किंचित बाहेर दिसते, पण बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून स्कॅनर लावायचा. ब्लूटूथचा स्वस्त डोंगल पुरत नाही, कंपनीचे सगळे आकडे वाचणारा स्कॅनर असलेला माणूस बरोबर न्या.

इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि हवेच्या सेन्सरचा, म्हणजे एमएएफचा आकडा बघा. आता स्कॅनरवरून ईजीआर उघडायला सांगा. व्हॉल्व्ह खरंच उघडला, तर धूर आत येतो, तेवढी ताजी हवा कमी लागते आणि आकडा धाडकन खाली येतो. मागच्याच महिन्यात एका दोन लिटरच्या इंजिनात तो ४५० वरून २७० वर आलेला मी बघितला, ती गाडी चोख होती. स्क्रीनवर ‘ईजीआर उघडा’ असं येतंय आणि हवेचा आकडा ढिम्म हलत नाही, तर मध्ये चकती आहे असं समजा. सॉफ्टवेअरला खोटं बोलायला शिकवता येतं, हवेला नाही.

त्याच स्कॅनरवर डीपीएफच्या दाबाचा फरक बघा. आयडलला तो अगदी कमी असतो, ३,००० आरपीएमला वाढायलाच हवा. रेस दिली तरी शून्याला चिकटून बसला, तर डबा पोकळ आहे किंवा सेन्सर मेला आहे.

आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने आपल्या यंत्रणा स्वतः तपासून पूर्ण केल्या का याच्या नोंदी, विसरू नका. पी०४०१ (ईजीआर) किंवा पी२००२ (डीपीएफ) सारखा बिघाडाचा कोड गाडी दाखवायच्या आदल्या रात्री पुसून टाकणं सोपं आहे. पण कोड पुसला की मॉनिटरही कोरे होतात, आणि ते भरायला गाडी बरीच चालवावी लागते. बॅटरी बदललेली नसताना सगळे ‘अपूर्ण’ दिसले, तर मालकाला सरळ विचारा, काल काय पुसलंत? उत्तराआधी त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

अॅडब्लू (नॉक्स कमी करायला धुरात फवारलं जाणारं युरियाचं पाणी) लागणारी गाडी असेल तर टाकी भरलेली आहे का आणि तिचा वापर होतो का, एवढंही विचारा. वर्षभरात एकदाही भरलं नाही, असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर त्या व्यवहारातून उठा.

‘थोडा धूर जास्त गेला तर काय बिघडतं’ असं मला गिऱ्हाइकं विचारतात. बिघडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला आहे. नॉक्स तर बाहेर पडून संपत नाही. उन्हात त्याच्यापासून ओझोन होतो, हवेतल्या अमोनियाशी मिसळून बारीक कण होतात, आणि ते चांदणी चौकातून थेट कोणाच्याही घरात जातात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने काढलेला अंदाज मी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलाय: डिझेल वाहनांनी मर्यादेपलीकडे सोडलेल्या नॉक्समुळे २०१५ या एका वर्षात सुमारे ३८,००० अकाली मृत्यू. माझ्याकडची पोरं दिवसभर सायलेन्सरच्या मागे उभी असतात. त्यांना तो आकडा रोज दिसावा असं मला वाटतं, आणि चकती बसवायला येणाऱ्यांनाही. असले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, हेही त्यांना सांगतो.

पर्याय असेल तर एप्रिल २०२३ नंतर बनलेली गाडी बघा. तेव्हापासून आपल्याकडेही प्रत्यक्ष रस्त्यावरच्या मोजणीचा नियम लागू झाला, त्यामुळे फक्त प्रयोगशाळेत शहाणी वागणारी गाडी बनवणं अवघड झालंय.

त्या शिक्षकांनी ती एसयूव्ही घेतली नाही. दोन महिन्यांनी दुसरी घेतली, चोख. तिच्यासाठी त्यांना जे लिहून दिलं तेच तुम्हालाही. शाळा आणि बाजार एवढंच फिराल तर डीपीएफ चोंदणार, कारण आतली काजळी जाळायला जाळी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावी लागते. म्हणून आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढा, वीस-पंचवीस मिनिटं साठच्या वर एका वेगात चालवा, मध्ये बंद करू नका. डीपीएफचा दिवा लागला तर त्याच दिवशी गाडी हायवेला काढा. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच, कमी राखेचं घाला. आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढताना दिसली, तर अर्धवट राहिलेल्या जाळणीतलं डिझेल त्यात उतरतंय. तेव्हा वाट न बघता ऑइल बदला.