बॅकअप आहे, पण टाइमलाइन लाल: एडिटिंग प्रोजेक्ट जपताना या चुका टाळा

लग्नाच्या फिल्ममध्ये वधूच्या आजोबांच्या नावात वेलांटी चुकली होती. फिल्म देऊन आठ महिने झाल्यावर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या घरून फोन आला, "अहो, तेवढी एक वेलांटी नीट करून द्या, मग सगळ्यांना पाठवतो." पाच मिनिटांचं काम म्हणून बॅकअपची हार्ड डिस्क लावली, प्रोजेक्ट उघडला, तर टाइमलाइन, म्हणजे क्लिप ओळीने मांडलेली पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. मीडिया ऑफलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरला क्लिप सापडत नव्हत्या. कॉपी करणाऱ्या मुलाने तेव्हा छातीठोक सांगितलं होतं, "भाऊ, बधुं कॉपी थई गयुं," म्हणजे सगळं कॉपी झालं. आणि तो खोटं बोलला नव्हता. फाइली एकूण एक होत्या, हरवला होता त्यांचा पत्ता.

प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच. कुठली क्लिप, कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात, कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत, एवढ्याच नोंदी असतात. म्हणून ती फाइल काही एमबीची असते, आणि ती स्वतःलाच मेल करून "बॅकअप झाला" म्हणणारे बडोद्यात मला दर सीझनला भेटतात.

मूळ ड्राइव्ह लावून बॅकअप तपासणे

सगळ्यात फसवी चूक हीच. कॉपी झाली, बॅकअपमधला प्रोजेक्ट उघडला, सगळं छान चाललं. चालणारच! जुना ड्राइव्ह शेजारी लावलेलाच आहे, आणि बहुतेक वेळा सॉफ्टवेअर गुपचूप तिथल्याच क्लिप उचलतं. तेव्हा आधी मूळ ड्राइव्ह काढा, मग बॅकअप उघडा. लाल दिसायचं ते तेव्हाच दिसू द्या, कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट व्हायच्या आत.

माझ्या बाबतीत गोंधळ ड्राइव्हच्या अक्षराचा होता. एडिट करताना डिस्क 'ई' होती, बॅकअपची लागली 'जी' म्हणून. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन बॅकअपला 'ई' अक्षर दिलं आणि क्लिप परत आल्या, कारण आतली फोल्डरं जशीच्या तशी होती. आता कामाच्या ड्राइव्हला 'आर' किंवा 'एस' असं मागचं अक्षर मी कायमचं देऊन ठेवतो, म्हणजे मधेच लावलेला पेनड्राइव्ह त्याची जागा घेत नाही. मॅकवर अक्षरं नसतात, तिथे ड्राइव्हचं नाव हाच पत्ता. नाव बदलायचा मोह आवरा.

अक्षर बदलूनही भागलं नाही तर प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या लिंक मीडिया खिडकीत एक क्लिप हाताने शोधून द्या. 'रिलिंक अदर्स ऑटोमॅटिकली'वर टिक असेल तर त्याच मांडणीतल्या बाकीच्या क्लिप आपोआप सापडतात. बॅकअप घेताना "जरा नीट लावू" म्हणून फोल्डरं हलवली असतील, तर मात्र बसा एकेक शोधत.

गरब्याच्या नऊ रात्री आणि शंभर 'सी०००१'

हिशेब करून पाहा. १०० मेगाबिट प्रति सेकंदाने फोर-के चित्रण केलं तर ताशी ४५ जीबी. दोन कॅमेरे, रोज ३ तास, म्हणजे रात्रीचे २७० जीबी आणि नऊ रात्रींचे सुमारे २.४ टीबी. दोन टीबीची डिस्क आठव्या रात्रीच भरते. मग शेवटचं फुटेज हाताला लागेल त्या डिस्कवर जातं, आणि दिवाळीत ती डिस्क घेऊन कोणीतरी सुरतला गेलेलं असतं. जागा आधी मोजा.

त्यात नावांचा घोळ. सोनीच्या कॅमेऱ्यात फाइल नंबर रीसेटवर असेल तर कार्ड फॉरमॅट केल्यावर मोजणी पुन्हा सी०००१ पासून सुरू होते. रिलिंक करताना पंचमीच्या आरतीच्या जागी दुसऱ्याच रात्रीची गर्दी येऊन बसते, आणि लाल काहीच नसल्यामुळे ते ध्यानातही येत नाही. मला विचाराल तर लाल टाइमलाइन परवडली. प्रत्येक रात्रीला आणि प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळं फोल्डर ठेवा. नावं बदलायची तर प्रोजेक्टमध्ये घेण्याआधी, नंतर नाही. कार्डावरची मूळ रचनाही अख्खी उचला, नुसते व्हिडिओ निवडून घेऊ नका.

सॉफ्टवेअर देतं ती सोय न वापरणे

प्रीमिअरच्या फाइल मेनूत प्रोजेक्ट मॅनेजर असतो. त्यातलं 'कलेक्ट फाइल्स अँड कॉपी टू न्यू लोकेशन' विखुरलेल्या क्लिप एका जागी आणतं. डाउनलोड्समध्ये पडलेलं शहनाईचं गाणंही. फक्त न वापरलेल्या क्लिप वगळण्याची टिक काढा. आत्याबाईंचा शॉट का नाही, हे विचारणारा फोन येतोच.

दाविंची या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरचं दुखणं उलटं. तिथे एडिट तुमच्या फुटेजच्या फोल्डरात नसतं, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रोजेक्ट लायब्ररीत असतं. फुटेज सगळं जपलं आणि कॉम्प्युटर फॉरमॅट केला, तर कात्रीचं काम गेलं, कापड तेवढं उरलं. नुसतं प्रोजेक्ट एक्स्पोर्ट केलं तर डीआरपी फाइल मिळते, तिच्यात मीडिया नसतो. मीडियासकट हवं असेल तर एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह. मॅकवरच्या फायनल कटमध्ये 'लीव्ह फाइल्स इन प्लेस' (फाइली आहेत तिथेच ठेवा) निवडलं असेल तर लायब्ररी हलवण्याआधी मीडिया कन्सॉलिडेट करा, म्हणजे बाहेरच्या क्लिप एका जागी आणा.

फॉन्ट विसरणे

हा दोष ड्राइव्ह काढून कळत नाही. फॉन्ट आपल्या कॉम्प्युटरवर बसवलेला असतो, म्हणून सगळं नीटच दिसतं. तो प्रोजेक्टबरोबर जात नाही. प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेली जादा साधनं) आणि बाहेरून आणलेल्या लट, म्हणजे चित्राचे रंग बदलणाऱ्या तयार फाइली, याही नेहमी जात नाहीत. प्रोजेक्टच्या फोल्डरात 'फॉन्ट' आणि 'लट' अशी दोन फोल्डरं करून मूळ फाइली तिथे ठेवा, आणि जमलं तर बॅकअप एकदा दुसऱ्याच्या मशीनवर उघडा.

मला हे कळलं ते त्या वेलांटीच्याच दिवशी. क्लिप परत आल्या, पण मधल्या काळात कॉम्प्युटर बदलला होता आणि तो देवनागरी फॉन्ट नव्या मशीनवर नव्हता. वेलांटी सुधारली, सगळी नावं दुसऱ्या फॉन्टमध्ये बसवली आणि फिल्म पाठवली. संध्याकाळी आजोबांचा स्वतःचा फोन आला, "नाव बरोबर आहे, पण अक्षर आधीचं बरं होतं हो."