सातव्या वर्षी एकदा दात दाखवून घ्या

“सगळे दुधाचे दात पडू देत, मग तारांचं बघू,” असं आजही बहुतेक घरांत म्हणतात. गेली कित्येक वर्षं मी दातांना तारा लावण्याचंच काम करते, आणि हे वाक्य मला काळजीत टाकतं. काही मुलांच्या बाबतीत तोवर जबड्याच्या वाढीचा काळ सरलेला असतो आणि सोपा उपाय हातचा जातो.

सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते. म्हणून सातव्या वर्षी एकदा दाखवावं. दाखवलं की लगेच तारा लागतात असं नाही. पुष्कळ मुलांना मी नुसतं “सहा महिन्यांनी या” म्हणते.

घरीही बघता येतं. मुलाला उजेडात बसवा, आवंढा गिळायला लावा आणि मागच्या दाढांवर चावायला सांगा. मुलं हौसेनं पुढचे दात जुळवून दाखवतात, ते चालणार नाही. मग बोटांनी दोन्ही गाल बाजूला करा. वरचे दात खालच्यांच्या किंचित बाहेर हवेत. वरचा एखादा दात आत अडकत असेल किंवा तोंड मिटताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल, तर लवकर या. वरचे दात फार पुढे असतील तरीही या, कारण मूल तोंडावर पडलं की आधी तेच तुटतात. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, तर तिची जागा राखायची का, हे तेव्हाच विचारा. मूल झोपेत तोंड उघडं टाकून घोरत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवा.

आठव्या वर्षी पुढच्या दोन दातांत फट दिसली की आया घाबरतात. ती बहुधा ११-१२व्या वर्षी सुळे उतरले की आपोआप मिटते. मात्र दहाव्या वर्षी दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीवरून बोट फिरवून पाहा. आत येणाऱ्या सुळ्याचा उंचवटा हाताला लागायला हवा. एकाच बाजूला लागत असेल, तर एक्स-रे काढून घ्या. सुळा टाळूकडे वळलेला असू शकतो.

तारांना साधारण दीड ते दोन वर्षं लागतात. दात सरकतो तेव्हा एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. त्याला घाई करता येत नाही. चिक्की, ऊस, कडक पेरू तेवढे दिवस बंद. मोठ्यांनाही तारा लावता येतात, फक्त हिरड्या आधी निरोगी हव्यात.

डॉक्टरांकडे ऑर्थोडॉन्टिक्समधली, म्हणजे वेडेवाकडे दात-जबडे सरळ करण्याच्या शास्त्रातली, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी आहे का, हे बिनधास्त विचारा. तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारी पट्टी, मिळतो. तो लावला नाही तर दात परत सरकतात. जेवताना काढला तर डबीतच ठेवा. कागदी रुमालात गुंडाळलेले रिटेनर हॉटेलच्या ताटांबरोबर जातात.