पावसाळ्यात रेल्वेचं हाती चरकीचं फाटक

स्टेशन मास्तरांना कळवून प्रायव्हेट नंबर (बोलणं पक्कं झाल्याची खूण म्हणून मास्तर देतात तो गुप्त आकडा) घेतल्याशिवाय चरकीला, म्हणजे तारेच्या दोराने फाटकाचा दांडा वर-खाली करणाऱ्या हाती यंत्राला, हात लावू नका. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत तारेचा दोर आतून गंजतो, बाहेरून मात्र चकचकीत दिसतो. म्हणून तो जुन्या सुती कापडात धरून कापड हळूहळू सरकवा. तुटकी तार असली की धागा अडकून ओढला जातो. असा दोर बदलायचाच. गाठ मारून भागवणं जिवावर बेतेल! ग्रीस पातळच लावा, जाड थराला खडीची धूळ चिकटते.

खरी कसोटी इंटरलॉकिंगची, म्हणजे फाटक आणि सिग्नल एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेची. दांडा पूर्ण खाली बसून कुलूप लागल्याशिवाय गेट सिग्नल ऑफ होता कामा नये, म्हणजे गाडीला पुढे जाण्याची खूण मिळता कामा नये. झालाच, तर स्टेशन मास्तरांना तत्काळ कळवा आणि सिग्नल मेंटेनरला बोलवा.