डोक्याला मुका मार लागला तर पहिली रात्र कशी काढावी

‘रक्त आलं नाही ना? मग काही नाही.’ डोक्यावर पडलेल्या माणसाभोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हे म्हणतंच. दुसरं कुणी म्हणतं, टेंगूळ बाहेर आलं म्हणजे आतला धोका टळला. तिसरं म्हणतं, रात्रभर अजिबात झोपू देऊ नका. अपघात विभागात परिचारिका म्हणून २२ वर्षं काढल्यावर सांगते, ही तिन्ही वाक्यं चूक आहेत, आणि पहिल्या वाक्यापायी माणसं जातात.

मुक्या मारात कवटी उघडी पडत नाही. डोकं एकदम थांबतं, पण आतला मेंदू थांबत नाही. तो समोरच्या हाडावर आपटतो आणि उलटून मागच्या हाडावरही. म्हणून मार कपाळाला आणि इजा डोक्याच्या मागच्या बाजूला, असंही सापडतं. सगळ्यात वाईट जागा कानशिलाची. तिथलं हाड पातळ असतं आणि त्याला आतून चिकटून एक धमनी जाते. ती फुटली की रक्त हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये साचत जातं, बाहेर यायला वाटच नसते. असा माणूस पडल्यावर उठतो, बोलतो, चहा मागतो आणि काही तासांनी ढासळतो. अभिनेत्री नताशा रिचर्डसन २००९ साली कॅनडात बर्फावर स्कीइंग शिकताना पडल्या, बऱ्या दिसत होत्या, आधी वैद्यकीय मदतही नको म्हणाल्या. दोन दिवसांनी त्या गेल्या.

आता करायचं काय ते सांगते.

थेट रुग्णालय गाठायचं ते यांनी: क्षणभर का होईना शुद्ध हरपली असेल, एकापेक्षा जास्त वेळा उलटी झाली असेल, झटका आला असेल, पडल्याचं आठवत नसेल, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळत असेल, उंचावरून किंवा गाडीवरून पडले असतील. वय ६५ च्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर काहीच त्रास नसला तरी जायचं. तान्ह्या बाळाला लगेच दाखवायचं, आणि टाळू फुगलेली दिसली तर एक मिनिटही दवडायचं नाही. १०८ ला फोन करा. मान दुखत असेल तर हातपाय धरून उचलू नका. वाटेत पाणीसुद्धा पाजू नका. कांदा, चप्पल नाकाला लावणं बंद करा.

टेंगळावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा, चोळू नका. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

डॉक्टरांनी तपासून ‘घरी न्या, लक्ष ठेवा’ म्हटलं की खरं काम सुरू होतं. ‘लक्ष ठेवा’ म्हणजे नेमकं काय, हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. मलाही ते एका रात्रीने शिकवलं.

नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. शेजारचा चौदा वर्षांचा मुलगा, कानशिलावर क्रिकेटचा चेंडू बसलेला. तपासून घरी आणलं होतं. मी सिस्टर, म्हणून रात्री त्याच्या उशाशी बसले. अकराला हलवलं, ‘बरं वाटतंय ना रे?’ ‘हं.’ एकला पुन्हा तेच, पुन्हा ‘हं.’ मी निर्धास्त. तीनला त्याची आई दिवा लावायला आली आणि उशीवर उलटी दिसली. मी त्याच्या शाळेचं नाव विचारलं. तो ‘हं’ म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा ‘हं.’ माझा हात झटकला तो फक्त डाव्या हाताने, उजवा तसाच पडून होता. त्या रात्रीच शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा वाचला. पण एक वाजता मी नीट विचारलं असतं तर दोन तास वाया गेले नसते, हे मी आजही विसरत नाही.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. झोपू द्या, झोप वाईट नाही. पण पहिल्या रात्री दर दोन तासांनी, किंवा डॉक्टर सांगतील त्या अंतराने, पूर्ण जागं करा. दिवा लावा, बसतं करा. आणि ज्याचं उत्तर हो, नाही किंवा हुंकारात देता येतं असा प्रश्न विचारूच नका. ‘रात्री जेवायला काय होतं?’ ‘वर्गात तुझ्या शेजारी कोण बसतं?’ ‘काकू, तुमचं माहेर कुठलं?’ उत्तर शब्दांत आणि बरोबर यायला हवं. मग तुमची बोटं त्याच्या दोन्ही हातांत देऊन दाबायला सांगा, दोन्हीकडचा जोर सारखा हवा. मोबाइलच्या उजेडात दोन्ही बुबुळांतले काळे ठिपके बघा, दोन्ही सारखेच लहान व्हायला हवेत. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी डोळे, बोलणं आणि हालचाल यांवरून माणूस किती शुद्धीवर आहे ते तपासायची जी पद्धत मांडली, तिचंच हे घरगुती रूप. दर वेळचं उत्तर वेळेसह कागदावर लिहा. झोपेत कधी न घोरणारा माणूस घोरू लागला आणि नीट उठेना, चिडचिड करू लागला, डोकेदुखी वाढतच गेली, तर सकाळची वाट बघू नका. सीटी स्कॅन नॉर्मल आला होता म्हणून थांबू नका.

वयस्करांचं दुखणं तर उशिरा उघड होतं. वयाबरोबर मेंदू आकसतो, त्यावरच्या शिरा ताणल्या जातात, साध्या आपटण्यानेही झिरपतात. माझे सासरे परसात शेवाळावरून घसरले, त्या दिवशी ठीक होते. तीन आठवड्यांनी त्यांची उजवी चप्पल फरफटायला लागली, नातवंडांची नावं चुकायला लागली. ‘वयाचंच आहे,’ असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं. कवटीला छोटं भोक पाडून साचलेलं रक्त काढलं आणि आठवड्याभरात ते स्वतः देवपूजेला बसले. म्हणून पडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दोन महिने चालण्या-बोलण्यावर नजर ठेवा.

मार टाळायचा तर आधी हेल्मेट. आयएसआय खूण, आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला. पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ओढून बघा. निघून आलं तर ते पहिल्या धडकेत रस्त्यावर आणि डोकं त्याच्या शेजारी. एकदा जोराने आपटलेलं हेल्मेट टाकून द्या. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी होतो. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, ते सक्तीचं आहे. तरी आमच्याकडे येतात त्या मागे एका बाजूला बसलेल्या बायका. मांडीवर पिशवी, गतिरोधक दिसला नाही, हात कुठेच धरलेला नाही, आणि थेट डोक्याच्या मागच्या बाजूवर. दोन्हीकडे पाय टाकून बसा. साडीमुळे जमत नसेल तर पिशवी पुढे अडकवा आणि गाडीचा दांडा घट्ट धरा. पदर, ओढणी चाकाकडे लोंबू देऊ नका.

घरात न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडा, ओल्या जागी खरबरीत फरशी, रात्री संडासापर्यंत दिवा.

आणि मे महिना. पावसाआधी छत शाकारायला चढलेले पुरुष दरवर्षी येतात. सिमेंटचा पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि पायाखाली पापडासारखा फुटतो. त्यावर थेट पाय देऊ नका. खालच्या वाशांवर टेकेल अशी लांब फळी आडवी टाका, कमरेला दोर बांधा, आणि शिडी धरायला खाली मोठं माणूस उभं करा, पोर नको.