अकरा हंगामांची मालिका कशी अभ्यासावी : ‘मॅश’च्या आधारे एक मार्गदर्शन

एखादी मालिका वर्षानुवर्षे चालली की तिच्याविषयी आपण साधारणपणे एकच वाक्य बोलतो : सुरुवातीला ती चांगली होती, पुढे तिच्यात पाणी घातले. रोजच्या मालिका पाहणाऱ्या आपल्या घरांतून हे वाक्य इतके रुळले आहे की हंगामांत विभागलेल्या परदेशी मालिकेलाही आपण तेच लावतो. मात्र मालिका नेमकी कोणत्या टप्प्यावर बदलली, तो बदल कोणामुळे झाला आणि कथेने तो आपलासा केला की नुसता सोसला, हे सांगता येत नाही तोवर त्या तक्रारीतून फारसे काही हाती लागत नाही. हे सांगता यावे म्हणून दीर्घ मालिका पाहण्याची जी पद्धत मी वापरतो, ती येथे एकाच मालिकेच्या आधारे मांडतो.

ती मालिका म्हणजे ‘मॅश’. कोरियन युद्धात आघाडीजवळ तंबूंत चालणाऱ्या एका अमेरिकी लष्करी शस्त्रक्रिया रुग्णालयाची ही कथा सीबीएस वाहिनीवर १७ सप्टेंबर १९७२ रोजी सुरू झाली आणि २८ फेब्रुवारी १९८३ रोजी संपली. जे युद्ध प्रत्यक्षात तीन वर्षे चालले, ते पडद्यावर अकरा हंगाम आणि अडीचशेहून अधिक भाग चालले. विनोदी मालिका म्हणून जन्मलेली ही कथा शेवटास पोहोचेपर्यंत विनोदाच्या चौकटीत मावेनाशी झाली होती, आणि म्हणूनच अभ्यासाला तिच्याइतकी सोयीची दुसरी मालिका मला आढळली नाही. पुढील विवेचनात कथेतील मृत्यू आणि शेवट उघड होतील. ज्यांना ते आधी कळू नये असे वाटते त्यांनी मालिका पाहून मग हे वाचावे.

पहिले काम भाग लावण्यापूर्वीचे आहे. वहीचे एक पान घेऊन त्यावर प्रत्येक हंगामासाठी एक ओळ आखावी आणि दोन रकाने करावेत. एकात कोणते नट आले आणि कोणते गेले हे लिहावे. दुसऱ्यात निर्माते आणि प्रमुख लेखक कोण होते हे लिहावे. बहुतेक प्रेक्षक पहिला रकाना मनातल्या मनात भरतात आणि दुसऱ्याचा विचारच करत नाहीत, पण मालिकेचा स्वभाव दुसऱ्या रकान्यात ठरतो. ‘मॅश’ घडवणाऱ्यांपैकी लॅरी गेलबार्ट चौथ्या हंगामानंतर बाहेर पडले, जीन रेनॉल्ड्स पाचव्यानंतर, आणि त्यापुढे शेवटपर्यंत सूत्रे बर्ट मेटकाफ यांच्याकडे राहिली. नायक हॉकआय पिअर्सची भूमिका करणारे अ‍ॅलन अल्डा याच काळात लेखन आणि दिग्दर्शनातही अधिकाधिक वाटा घेऊ लागले. एवढ्या चार नोंदी समोर असल्या तरी पाचव्या हंगामानंतर संवादांतला खट्याळ वेग कमी होऊन पात्रांची एकमेकांशी होणारी गंभीर बोलणी का वाढली, हे शोधायला दूर जावे लागत नाही.

यानंतर भागांची निवड. सगळे भाग पाहणे शक्य असेल तर उत्तमच. नसेल तर प्रत्येक हंगामाचा पहिला व शेवटचा भाग आणि मधला एखादा घ्यावा. पहिल्या हंगामाला मात्र ही काटकसर लावू नये. त्यातले निदान दहा भाग पाहावेत, कारण पहिला हंगाम ही जाहीरपणे चाललेली चाचणी असते आणि काय टाकून दिले गेले हे तिथेच दिसते. स्पिअरचकर जोन्स हा शस्त्रक्रियातज्ज्ञ आणि अग्ली जॉन हा भूलतज्ज्ञ पहिल्या हंगामात वावरतात आणि नंतर काहीही न सांगता नाहीसे होतात. छावणीतील धर्मगुरू फादर मल्काहीची भूमिका पहिल्या भागात एका नटाने केली, पुढे विल्यम क्रिस्तोफर यांनी. याउलट लष्करातून सुटका व्हावी म्हणून स्त्रीवेश करणारा क्लिंगर एका भागापुरता आला होता. प्रेक्षकांना तो आवडला, म्हणून तो पुन्हा पुन्हा येत राहिला आणि अखेर मालिकेच्या केंद्रस्थानी पोहोचला.

पहिल्या हंगामाबद्दल आणखी एक नोंद करावी लागते ती वेळेची. रविवारी संध्याकाळी दाखवला जाणारा तो हंगाम प्रेक्षकसंख्येच्या क्रमवारीत ४६ वा होता आणि मालिका तिथेच संपण्याची शक्यता होती. वाहिनीने दुसऱ्या वर्षी तिला शनिवारी रात्री दोन लोकप्रिय विनोदी मालिकांच्या मधल्या अर्ध्या तासात बसवले आणि त्याच वर्षी ती पहिल्या दहांत गेली. केवळ जागा बदलून इतका फरक पडतो हे लक्षात ठेवले, तर प्रत्येक यशाचे श्रेय आणि प्रत्येक अपयशाचा दोष लेखकांना देण्याची सवय सुटते.

आता कान वापरावेत. सीबीएसच्या आग्रहामुळे या मालिकेत ध्वनिमुद्रित हशा घातला गेला होता, मात्र शस्त्रक्रियागृहातील दृश्यांत तो नसावा ही निर्मात्यांची अट वाहिनीने मान्य केली होती. डीव्हीडीवर हा हशा बंद करण्याची सोय आहे. सुरुवातीच्या हंगामांतला एखादा भाग हशासह पाहावा आणि लगेच हशाविना पुन्हा पाहावा. तीच वाक्ये दुसऱ्या वेळी थकलेल्या माणसांनी एकमेकांना धीर देण्यासाठी बोललेली वाटू लागतात. पुढच्या हंगामांत जसजसे जाल तसतसा हा हशा विरळ आणि हलका होत गेलेला ऐकू येईल; मालिकेच्या बदलाचे इतके सोपे मोजमाप दुसरे नाही.

सर्वाधिक वेळ मात्र द्यावा तो पात्रांच्या अदलाबदलीला. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी छावणीचा प्रमुख हेन्री ब्लेकची भूमिका करणारे मॅक्लीन स्टीव्हन्सन मालिका सोडणार हे ठरले होते. अशा वेळी पात्राला घरी पाठवून मोकळे होणे हा रूढ मार्ग, आणि १८ मार्च १९७५ रोजी दाखवलेल्या त्या भागात जवळजवळ शेवटपर्यंत तेच घडते : निरोप, मिठ्या, हेलिकॉप्टर. मग छावणीचा कारकून रडार शस्त्रक्रियागृहात येतो आणि ब्लेकचे विमान समुद्रावर पाडले गेले, कोणीही वाचले नाही, असे सांगतो. संहितेचे हे शेवटचे पान बहुतेक नटांपासून चित्रीकरणाच्या ऐन वेळेपर्यंत लपवून ठेवले होते. वाहिनीकडे आणि निर्मात्यांकडे संतप्त पत्रांचा ओघ लागला. विनोदी मालिकेत आवडते पात्र असे मरत नसते, हा त्या काळचा अलिखित करार मोडला होता. माझ्या मते ‘मॅश’ची खरी दिशा येथे ठरली, जरी तिची चाहूल पहिल्याच हंगामात, हॉकआयचा मित्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावतो त्या भागात, लागलेली होती. म्हणून हे दोन भाग ओळीने पाहावेत.

त्याच सुमारास ट्रॅपर जॉनची भूमिका करणारे वेन रॉजर्सही गेले, आणि त्यांच्या पात्राला निरोपाचे दृश्यही मिळाले नाही; हॉकआय रजेवरून परततो तेव्हा मित्र निघून गेलेला असतो. या जागांवर आलेल्यांकडे पाहताना एक प्रश्न सतत विचारावा : नवे पात्र जुन्याच्या खुर्चीत बसले आहे की त्याने खुर्चीच बदलली आहे? ट्रॅपर हॉकआयचा उनाड साथीदार होता, बी. जे. हनिकट हा पत्नी आणि तान्ह्या मुलीच्या आठवणीने झुरणारा संसारी माणूस आहे, आणि त्याच्या येण्याने युद्धाची किंमत घराच्या भाषेत मोजली जाऊ लागते. ब्लेक गोंधळलेला, लष्करी शिस्तीशी न जुळणारा प्रमुख होता. हॅरी मॉर्गन यांचा कर्नल पॉटर हा घोडदळातून आलेला पक्का लष्करी माणूस आहे, त्यामुळे छावणीत अधिकार आणि आपुलकी प्रथमच एका ठिकाणी येतात. पाचव्या हंगामानंतर फ्रँक बर्न्स गेला आणि चार्ल्स विंचेस्टर आला, तेव्हा तर मालिकेने खलनायकाची गरजच टाकून दिली. बर्न्सवर हसता येत असे, कारण तो वैद्यक म्हणून कच्चा होता; विंचेस्टर गर्विष्ठ असला तरी अव्वल शस्त्रक्रियातज्ज्ञ आहे, आणि त्याच्याशी भांडायला हॉकआयला विनोदापेक्षा अधिक काही लागते. डेव्हिड ऑग्डेन स्टायर्स यांनी उभे केलेले हे पात्र मला संपूर्ण मालिकेतील सर्वोत्तम वाटते.

गेलेल्यांइतकेच राहिलेल्यांकडेही पाहिले पाहिजे, पण तिथे एकच पात्र निवडावे. मी परिचारिकांची प्रमुख मार्गारेट हूलिहान निवडेन. सुरुवातीला ती एका अपमानास्पद टोपणनावाने ओळखली जाते आणि बर्न्सच्या जोडीने हास्याचा विषय असते. पाचव्या हंगामापासून बर्न्सशी तिचे नाते तुटते, आणि परिचारिकांवरील एका भागात, तुम्ही मला कधी एक कप कॉफीसाठीही बोलावले नाही, असे ती आपल्या हाताखालच्या मुलींना रडत सांगते. नट जाण्याची कोणतीही सक्ती येथे नव्हती. लोरेटा स्विट यांचा आग्रह आणि लेखकांची बदललेली नजर यांतून हा बदल झाला. एका वहीत फक्त मार्गारेटला लोक कोणत्या नावाने हाक मारतात एवढेच हंगामागणिक टिपून पाहावे.

विसंगती वेगळ्या पानावर लिहाव्यात आणि त्यांत फार गुंतू नये. हॉकआयच्या पहिल्या पत्रांत आई आणि बहीण येतात, पुढे तो एकुलता एक आणि लहानपणीच आई गमावलेला ठरतो. पॉटर सप्टेंबर १९५२ मध्ये रुजू झाल्याचे सांगितले जाते, तरी नवव्या हंगामातील एका भागात तो १९५१ चे सबंध वर्ष छावणीत दिसतो. तीन वर्षांच्या युद्धात अकरा वर्षांचे माणूसपण बसवायचे म्हटल्यावर दिनदर्शिका वाकणारच.

उत्तरार्धात मालिका दमते हे खरे आहे. उपदेश वाढतो, काही भागांचा शेवट आधीच ओळखता येतो. तरी याच हंगामांत रचनेचे धाडसी प्रयोग आहेत, ते चुकवू नयेत : बोलता न येणाऱ्या जखमी सैनिकाच्या डोळ्यांतून दाखवलेला सातव्या हंगामातील भाग, आणि पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ ठेवून शस्त्रक्रियेची मिनिटे मोजणारा आठव्यातील भाग. त्यांच्या आधी, चौथ्या हंगामाच्या शेवटी, वार्ताहराच्या मुलाखतींच्या रूपातला कृष्णधवल भाग गेलबार्ट यांनी लिहिला होता. तिन्ही एकत्र पाहिले की थकलेली मालिका कथेऐवजी मांडणीतून नवेपणा कसा शोधते, ते समजते. आठव्या हंगामात रडार घरी जातो, क्लिंगर त्याच्या जागी कारकून होतो आणि हळूहळू झगे सोडून देतो. एका भागापुरती सुचलेली गंमत अशी जबाबदारीत विरघळते.

हीच वही दुसऱ्या मालिकेला लावताना रकाने थोडे बदलावे लागतात. ‘चीअर्स’साठी (१९८२ ते १९९३) पाचव्या हंगामानंतर नायिका बदलल्यावर प्रेमकथेच्या जागी काय आले हे मुख्य पान ठेवावे. ‘द ऑफिस’च्या अमेरिकी आवृत्तीत अवघ्या सहा भागांच्या पहिल्या हंगामातील कठोर कार्यालयप्रमुख मायकल स्कॉट दुसऱ्यात कसा मवाळ केला, तेवढेच आधी तपासावे. ‘ब्रेकिंग बॅड’सारख्या ६२ भागांच्या सलग कथेत भाग निवडून पाहणे निरुपयोगी आहे, ती पहिल्यापासून ओळीनेच पाहावी.

‘मॅश’चा अडीच तासांचा अखेरचा भाग एका बैठकीत पाहावा. अमेरिकेत तो सुमारे १० कोटी ६० लाख लोकांनी पाहिला. १९८२ च्या वणव्यात कॅलिफोर्नियातील डोंगरांमधला मालिकेचा बाहेरचा सेट जळाला, तेव्हा लेखकांनी तो वणवा कथेतच आणला आणि छावणीला स्थलांतर करायला लावले. वहीच्या दोन्ही रकान्यांत न बसणारी ही नोंद समासात लिहावी. नंतर त्याच रात्री पहिला भाग पुन्हा लावावा. त्यात हॉकआय आणि ट्रॅपर छावणीच्या मोकळ्या जागेत गोल्फ खेळताना दिसतील, आणि शेवटच्या भागात मनोरुग्णालयात बसलेला हॉकआय डोळ्यांसमोर असल्यामुळे ते दृश्य पहिल्यांदा पाहिले होते तसे आता दिसणार नाही. जे वेगळे दिसले ते पानाच्या तळाशी तारीख घालून लिहून ठेवावे.